तसबिरीचा पोशाख

1956 साली मी मुख्याध्यापिकेच्या जागेवरून निवृत्त झाले, तेव्हा साताऱ्याच्या आमच्या शाळेच्या व्यवस्थापक मंडळाने एकमताने असा ठराव मंजूर केला, की संस्थेचे संस्थापक, प्रमुख देणगीदार आणि आजवरचे अध्यक्ष यांच्या ज्या तसबिरी सभागृहाच्या उत्तरेकडील भिंतीवर आहेत त्यांच्याच ओळीत बाईंचीही तसबीर लावावी, तिच्यासाठी पुण्यातील एखाद्या जाणत्या छायाचित्रकाराकडून छायाचित्र काढवून घ्यावे, आणि त्याचा खर्च संस्थेने सोसावा. ठरावाची नक्कल चिटणीसांनी स्वतः घरी आणून दिली. मला आनंद झाला, आणि तो मी त्यांच्यापासून लपविला नाही. उमेदीची सारी वर्षे जिथे वेचली त्या वास्तूने आपला चेहरा आपल्यामागेही जतन करून ठेवण्याचे मनात आणावे, ही गोष्ट मला निवृत्तिवेतनाच्या कागदाहून कितीतरी अधिक मोलाची वाटली. चिटणीस जाण्यास उठले, पायांत वहाणा घातल्या, आणि दाराशी थांबून त्यांनी सहज विचारावे तसे विचारले, "बाई, पोशाख काय करायचा ठरवलाय?" उत्तर देण्यासाठी मी तोंड उघडले, आणि माझ्यापाशी उत्तर नाही हे माझ्या ध्यानात आले.

त्या भिंतीवरील प्रत्येक तसबीर मला पाठ होती. संस्थापकांच्या मस्तकी पगडी, अंगात बंदांचा पांढरा अंगरखा, खांद्यावरून पुढे सोडलेले रेशीमकाठी उपरणे. त्यांच्या शेजारी जे सरकारी वकील पुढे अध्यक्ष झाले ते बंद गळ्याच्या लांब काळ्या कोटात, डोक्याला चापूनचोपून बांधलेला रुमाल. त्यांच्यापलीकडे इमारतीसाठी जमीन देणारे इनामदार जरीच्या फेट्यात, तलवारीच्या मुठीवर हात ठेवून बसलेले. आणि अगदी अलीकडची तसबीर पांढऱ्या टोपीतल्या व खादीच्या कोटातल्या एका गृहस्थांची, ज्यांनी 1942 साली कारावास भोगला होता. शाळेत नव्याने आलेली सात वर्षांची मुलगीसुद्धा त्या भिंतीखाली उभी राहून कोण शास्त्री, कोण वकील, कोण सरदार आणि कोण देशभक्त हे बिनचूक सांगे, कारण त्या पोशाखांत त्या पुरुषांचा हुद्दा आणि त्यांचे कार्य लिहिलेले होते. बायकांच्या पोशाखात काय लिहिलेले असते? सवाष्णीचे लुगडे निराळे, विधवेचे निराळे, कुमारिकेचे परकर-पोलके निराळे. म्हणजे बाई कोणाची कोण, ती कोणाच्या असण्याने वा नसण्याने काय झाली, एवढेच काय ते आमच्या वस्त्रांना सांगता येई. तिने आयुष्यभर काय केले, हे सांगणारे वस्त्र आमच्या समाजाने अजून विणले नव्हते.

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे एक छायाचित्र मी पाहिले आहे. 1885 साली, फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयात त्या शिकत असताना, जपान आणि सीरिया या देशांतून आलेल्या दोन विद्यार्थिनींसमवेत ते काढलेले असून, तिघीही आपापल्या देशाच्या पोशाखात आहेत. आनंदीबाई लुगड्यात आहेत. इतक्या दूर, इतक्या थंडीच्या मुलखात, त्यांनी आपल्या देशाचे वस्त्र सोडले नाही याचा मला नेहमीच अभिमान वाटत आला आहे. परंतु त्या चित्राकडे पाहून ही मुलगी कोणत्या देशाची हे कळते, ती वैद्यकशास्त्राची पदवी घेणार आहे हे मात्र खालची ओळ वाचल्यावाचून कळत नाही. पुढील वर्षी त्यांना पदवी मिळाली आणि त्यापुढील वर्षी, म्हणजे 1887 च्या फेब्रुवारीत, त्या पुण्यात निवर्तल्या. डॉक्टरीणबाईचा पोशाख कसा असावा हे ठरविण्याइतका अवधी नियतीने त्यांना दिलाच नाही.

माझी गोष्ट सांगावयाची तर, मी लहानपणीच विधवा झाले. ज्या नवऱ्याचे सुतक धरले त्याचा चेहरा मला आज नीट आठवतही नाही. माझ्या वडिलांची थोरली बहीण, आमची आत्या, हीही बालविधवाच. तिचे केशवपन झालेले होते आणि ती जन्मभर आलवण नेसली. ते तांबडे जाडेभरडे वस्त्र, तो मस्तकावरून कानांमागे घट्ट ओढून घेतलेला पदर, आणि पहाटे न्हाणीघराच्या दाराशी येऊन बसणारा न्हावी, हे वडिलांनी आपल्या बहिणीच्या बाबतीत पाहिले होते, आणि म्हणूनच माझ्या वेळी घरातल्या साऱ्या वडीलधाऱ्यांचा रोष पत्करून त्यांनी न्हाव्याला घरात पाऊल टाकू दिले नाही. पुढे त्यांनी मला हिंगण्यास नेऊन पोचविले. अण्णासाहेब कर्वे यांनी 1896 साली काढलेला अनाथ बालिकाश्रम तेव्हा हिंगण्याच्या माळावर चांगला रुजलेला होता. तिथे मी शिकले, तिथेच शिकविण्याचे शिकले. परंतु नेसण्याच्या बाबतीत मी अनेक वर्षे पांढऱ्या, बिनकाठाच्या लुगड्यापलीकडे गेले नाही. त्या वस्त्राची कोणी माझ्यावर सक्ती केली नव्हती. ते सोडण्यास एखादे कारण लागते, आणि ते कारण माझ्यापाशी नव्हते, इतकेच. नोकरीवर रुजू झाल्यावर पहिला पगार हाती आला, तेव्हा मी साताऱ्याच्या पेठेत जाऊन बोटभर काठाचे एक लुगडे विकत घेतले. काठ निळा होता. तो मी स्वतःच्या कमाईने, स्वतःच्या पसंतीने अंगावर चढविला. त्या दिवसापासून काठ ही माझ्या लेखी केवळ शोभेची बाब राहिली नाही.

हे सर्व चिटणिसांना सांगण्याजोगे नव्हते. मी एवढेच म्हटले, की विचार करून कळविते.

विचार मात्र मला एकटीला करू देतील तर ती आमची माणसे कसली! ठरावाची वार्ता गावात पसरली आणि ज्याला त्याला माझ्या पोशाखाविषयी एकेक तजवीज सुचू लागली. मंडळातील वृद्ध सभासदांचे म्हणणे असे पडले, की बाईंनी शुभ्र रेशमी वस्त्र नेसावे आणि वर पांढरी शाल घ्यावी, म्हणजे त्यागाची आणि पावित्र्याची कल्पना पाहणाराच्या मनावर ठसेल. माझ्या जुन्या विद्यार्थिनींपैकी जी एक आता मुंबईस संसार करीत होती, तिने पत्राने कळविले, की ती आपली पैठणी रजिस्टर टपालाने धाडते, बाईंनी एकदा तरी ती अंगाला लावावी. पत्र वाचून माझे डोळे भरून आले. त्या पोरीच्या प्रेमाला मी कधीच उणे म्हणणार नाही. भाचीचे मत असे, की आत्याने आता पाचवारीच नेसावे, कारण शाळेतल्या साऱ्या तरुण शिक्षिका पाचवारीच नेसतात आणि पुढे वीस वर्षांनी नऊवारीतली तसबीर पाहून मुली हसतील. वहिनी स्वयंपाकघरातून सारे ऐकत होत्या. त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "वन्सं, तुम्ही शाळेत जे नेसून जात होतात ते नेसा. मुली तुम्हांला त्यातच ओळखतात."

वहिनींचे बोलणे साधे होते, पण त्यांनी पेच नेमका सोडविला. शुभ्र वस्त्राविषयी माझा आक्षेप असा, की ते माझ्याविषयी एकच गोष्ट सांगते, आणि ती गोष्ट मी बारा-तेरा वर्षांची असताना घडलेली आहे. त्यानंतर मी जे जे केले त्याची त्या वस्त्राला वार्ताही नाही. पैठणी प्रेमाची खरी, पण ती दुसरीच्या लग्नातली. पाचवारी मी कधी नेसलेच नव्हते, आणि जे अंगवळणी नाही ते वस्त्र नेसून माणूस खुर्चीवर बसला की त्याचे अर्धे लक्ष वस्त्राकडे राहते, हे मी वार्षिक संमेलनाच्या नाटकांत कितीतरी मुलींच्या बाबतीत पाहिलेले आहे.

त्याच सायंकाळी मी ट्रंक उघडली. तळाशी, कडुनिंबाच्या वाळल्या पाल्यात, माझे शेवाळी रंगाचे इरकली लुगडे होते. अंग सुती, काठ आणि पदर रेशमी. काठ तांबडा, चांगला तीन बोटे रुंद. पदरावर इलकलच्या विणकरांची ती ठरीव पांढरी नक्षी; अशा पदराला टोपपदर म्हणतात. मुख्याध्यापिकेच्या जागेची सनद हाती आली त्या वर्षी ते मी बेळगावहून मागविले होते. ते आले तेव्हा वहिनींनी रंगाकडे पाहून किंचित भिवया उंचावल्या होत्या, कारण शेवाळी म्हटला तरी तो हिरव्याचा भाऊबंद, आणि हिरवा रंग आमच्यात सौभाग्याचा. पण त्या बोलल्या काहीच नाहीत. शिक्षणखात्याचे अधिकारी तपासणीस येत त्या दिवशी, बक्षीससमारंभास, आणि ध्वजवंदनास मी हेच लुगडे नेसत असे. इतके, की बाई शेवाळी नेसून फाटकातून आत आल्या की आज कोणी पाहुणे यायचे आहेत हे मुली ताडीत आणि घंटा होण्यापूर्वीच आपापले बाक पुसून काढीत. ते मी उजेडात धरून पाहिले. निऱ्यांच्या जागी सूत किंचित विरले होते, काठ मात्र अभंग होता. कोणी ठरवून दिलेला नसतानाही हाच माझ्या हुद्द्याचा पोशाख होता, आणि तो माझ्या मुलींनी मान्य केलेला होता.

छायाचित्रकारांस मी पत्र घालून काय तयारी करावी ते विचारले. त्यांचे उत्तर आले ते मी अजून जपून ठेवले आहे, कारण आपल्या कामाची जाण असलेला मनुष्य किती थोडक्यात किती सांगू शकतो याचा तो नमुना आहे. कोरे लुगडे नको, दोनचार वेळा धुतलेले असावे. खळ दिलीच तर अगदी पातळ, आणि खळ दिल्यावर एकदा नेसून मोडलेले असावे, नाहीतर कापड अंगापासून सुटून उभे राहते आणि खांदे जाड दिसतात. बारीक चौकडी नसावी. काही हातांवरून ती नुसती करडी दिसते. पोलके गडद आणि बिनचमकीचे असावे. आदल्या रात्री नीट झोप घ्यावी, तेल लावून लगेच येऊ नये, कपाळ चकाकते. चष्मा रोज लावीत असाल तर लावूनच यावे. आणि शेवटी, वस्त्राचा रंग कोणता ते अवश्य कळवावे.

चित्र तर काळेपांढरेच निघणार होते, मग रंगाची चौकशी कशासाठी, असे भाचीने विचारले. मला मात्र तत्काळ आमच्या माजघरातला जुना समूह-फोटो आठवला. तो माझ्या लहानपणी, माझ्या लग्नाच्याही आधी, गावात फिरत आलेल्या एका फोटोवाल्याने आमच्या परसात काढला होता. त्या काळी यंत्रापुढे बसल्याने आयुष्य उणावते अशी समजूत होती, आणि आजीला राजी करण्यात वडिलांचा एक सबंध दिवस गेला. आत्याने सकाळपासून साऱ्यांच्या वेण्या घातल्या, नेसूचे काढून दिले, मुलांची तोंडे धुतली, आणि फोटोची वेळ झाली तेव्हा ती रीतीप्रमाणे घरात निघून गेली. पण माझा धाकटा भाऊ तिच्यावाचून कोणाच्या मांडीवर बसेना, त्याच्या रडण्याने फोटोवाल्याची काच वाया जाण्याची वेळ आली, तेव्हा नाइलाजाने तिला बोलावून एका कडेला बसविले. म्हणून ती त्या फोटोत आहे. पुढे कागद छापून आला तेव्हा घरात हलकल्लोळ झाला. आईने नेसलेले अस्मानी लुगडे पांढरेफटक उमटले होते, तिच्या कपाळीचे कुंकू काळे पडले होते, आणि आत्याचे तांबडे आलवण असे काळेभोर आले होते, की जणू ती सवाष्णीची चंद्रकळा नेसून बसली होती. आजीने तो फोटो भिंतीवर लावू दिला नाही. सवाष्ण सून पांढऱ्यात आणि विधवा लेक चंद्रकळेत, हा तिला मोठाच अपशकुन वाटला. तिच्या मृत्यूनंतरच वडिलांनी त्याला चौकट करवून घेतली. आज त्या फोटोतील खरे रंग जाणणारी मी एकटी उरले आहे.

पुण्याच्या छायाचित्रकारांनी या प्रकाराचा उलगडा मला पुढे समजावून सांगितला. जुन्या काचांवरील रसायनाला निळा प्रकाश फार जाणवे आणि तांबडा मुळीच नाही, अशी स्थिती असे. निळे जे जे ते पांढरे उमटे, तांबडे जे जे ते काळे. म्हणून तर अशा काचा तांबड्या दिव्याच्या उजेडात निर्धास्तपणे धूत येत. पुढे सर्व रंगांची जाणीव असणारी फिल्म निघाली, ती पूर्ण अंधारातच धुवावी लागते. तिच्यावर कुंकू काळे पडत नाही. हे ऐकताना माझ्या मनात आले, की आत्याच्या जन्मभराच्या त्या तांबड्या शिक्षेला दिसेनासे करणारी एक काच तरी या जगात निघाली होती.

ठरलेल्या दिवशी भाचीला बरोबर घेऊन मी एस. टी.ने पुण्यास गेले. लुगडे नेसून कात्रजचा घाट उतरले असते तर निऱ्यांचा चोळामोळा झाला असता, म्हणून ते जुन्या सुती धोतराच्या पानात गुंडाळून, घडी न घालता वळकटी करून, मांडीवर घेतले होते. लक्ष्मी रस्त्यावरील एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर ती चित्रशाळा होती. छताचा उत्तरेकडील अर्धा भाग काचेचा होता, त्यावर आता आतून काळे कापड ताणलेले. पूर्वी केवळ त्या छतातून येणाऱ्या उजेडावर काम चाले, आता विजेचे मोठाले दिवे आले होते. कोपऱ्यात महाल, तलाव आणि वेली रंगविलेले जुने पडदे गुंडाळून उभे केलेले होते, आणि त्यांच्याशेजारी लोखंडी दांडीला लावलेला एक चिमटा. पूर्वी काचेवर चित्र उमटण्यास बराच वेळ लागे, तेवढ्या वेळात मान हलू नये म्हणून तो पाठीमागून डोक्याला टेकवीत. छायाचित्रकार साठीचे होते. त्यांनी मला नमस्कार केला, दिव्याखाली न बसविता खिडकीशी एका साध्या खुर्चीवर बसविले, पाणी दिले, आणि शाळेत काय शिकवीत होते ते विचारले. मी गणित आणि मराठी म्हणाले. ते माझ्याकडे पाहत होते, आणि त्या पाहण्यात मला जराही संकोच वाटला नाही. शिंपी जसा कापडाकडे पाहतो तसे ते होते.

मी आतल्या खोलीत जाऊन इरकली नेसून आले, आणि खरा विचारविनिमय तेव्हा सुरू झाला. त्यांनी पदराचे टोक हातात घेऊन दिव्याखाली धरले, डोळे किलकिले करून पाहिले, आणि मग एक लहानशी हिरवी काच माझ्या हाती देऊन म्हणाले, "बाई, हिच्यातून एकदा काठाकडे बघा, मग काच काढून बघा." मी पाहिले. काचेतून शेवाळी अंग उजळलेले आणि काठ चांगला काळसर, वेगळा उठून आलेला दिसला. काच दूर केली तर रंग होते म्हणून काठ दिसत होता. ते म्हणाले, "तुमचं अंग आणि काठ, दोन्ही आताच्या फिल्मवर एकाच करड्या रंगाचे येणार. काठ हरवेल. ही काच भिंगापुढे लावली तर काठ सुटा येईल. पण मग चेहऱ्याची तांबूस छटाही गडद होते. सुरकुत्या, डाग, डोळ्यांखालची वर्तुळं, सगळं आहे त्याहून ठळक दिसेल. काच न लावता काढलं तर चेहरा मऊ येतो, चार-पाच वर्षं कमी दिसतात. काय करू?"

भाचीने लगेच माझ्या दंडाला स्पर्श केला. तिचे म्हणणे मला न बोलता कळले. मी त्यांना सांगितले, की काच लावावी. त्यांनी कारण विचारले नाही, केवळ मान डोलाविली. आणि मीही ते सांगितले नाही, कारण पहिल्या पगाराचा तो निळा काठ आणि त्याआधीची बिनकाठाची वर्षे ही काही दिव्यांच्या उष्णतेत उभ्या उभ्या सांगण्यासारखी हकीकत नव्हे. सुरकुत्यांचे मला भय नव्हते. त्या माझ्या चेहऱ्यावर होत्याच, आणि त्या कुठे पडल्या हे मला ठाऊक होते.

त्यांनी खुर्ची भिंतीपासून चांगली दूर ओढली, मागच्या साध्या करड्या पडद्यावर एक दिवा वेगळा सोडला, म्हणजे गडद लुगड्याचा खांदा पार्श्वभूमीत बुडणार नाही, आणि मुख्य दिवा माझ्या डाव्या अंगास, डोक्याहून वर नेऊन ठेवला. चष्म्याच्या भिंगांत त्या दिव्याचे दोन पांढरे गोळे उमटत होते. सहायकाने भिंगे नसलेली एक चौकट पुढे केली, ज्यांना चष्म्याची सवय आहे अशांसाठी ती तिथे ठेवलेली असे. परंतु छायाचित्रकारांनी तिला हात न लावता माझ्याच चष्म्याच्या काड्या कानांवर किंचित उचलून बसविल्या, दिवा आणखी वीतभर वर घेतला, आणि गोळे नाहीसे झाले. मेजावर त्यांनी एक जाड पुठ्ठ्याचा ग्रंथ आणून ठेवला आणि त्यावर हात ठेवा म्हणाले. मी तो उघडून पाहिला. तो कायद्याच्या निकालांचा संग्रह होता. न वाचलेल्या ग्रंथावर हात ठेवून आपल्या विद्यार्थिनींकडे जन्मभर पाहत राहणे मला मान्य नव्हते, तसे मी त्यांना सांगितले, आणि त्यांनी तो तत्परतेने उचलून नेला. मग हातांचे काय करावे हा प्रश्न उरला. शेवटी वर्गात मुली उत्तर लिहीत असताना मी जशी बसे तशी बसले, उजवा हात डाव्यावर, मनगटावरचे घड्याळ दिसेल असा. पदर डोक्यावरून घ्यावा की खांद्यावरून, हे त्यांनी विचारले नाही. तो खांद्यावरून होता. वर्गात तो नेहमी तसाच असे.

दिवे लागले, आणि दिव्यामागे काही दिसेना. यंत्रावरच्या काळ्या कापडाआडून त्यांचा आवाज आला, "बाई, शेवटच्या बाकावरची मुलगी काय करते ते पाहा." मी पाहिले. खरोखरच पाहिले, कारण ती सवय हाडीमाशी खिळलेली होती. तेवढ्यात काम झाले होते.

नंतर कागदावर पेन्सिलीने टिपणे घेत असताना त्यांनी आवाज खाली आणून विचारले, "बाई, एक विचारायचं राहिलं. कागदावर पेन्सिलीचं काम करणारा आमचा माणूस बायकांच्या चित्रात कुंकू हातानं ठळक करतो, नसलं तर घालतोही. पुष्कळ घरची मंडळी तसं मागतात. तुमच्या चित्रात कसं करायचं?" हा प्रश्न त्यांनी विचारावा, आणि तो आधी विचारावा, यातच त्या मनुष्याची थोरवी होती, कारण न विचारता केलेले काम एकदा कागदावर उतरले की ते कुणालाही बोलून दाखविता येत नाही. विधवेने कुंकू लावावे असे सांगणाऱ्या सुधारकांविषयी मला पूर्ण आदर आहे, आणि ज्या माझ्या मैत्रिणींनी ते लावले त्यांचे धैर्य मी जाणते. पण मी कधी लावले नाही. जे मी जिवंतपणी केले नाही ते कोणा परक्याच्या पेन्सिलीने माझ्या कपाळी करू नये. मी म्हटले, "कपाळाला हात लावू नका. मुलींनी ते असंच पाहिलंय." त्यांनी टिपणवहीत तसे लिहून घेतले आणि त्याखाली रेघ ओढली.

चित्र तयार होऊन आले तेव्हा घरी सारे मेजाभोवती जमले. भाची काही वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "आत्या, फार थकलेली दिसतेस गं." वहिनींनी तिला उत्तर देण्याच्या भानगडीत न पडता काठावर बोट ठेवले आणि त्याच्या रेषेवरून ते खांद्यापर्यंत फिरवीत नेले. काठ स्वच्छ आला होता. पदरावरील नक्षीचे एकेक टोक मोजता यावे इतका स्पष्ट. चेहऱ्यावरच्या रेषाही तितक्याच स्पष्ट होत्या, आणि कपाळ कोरे होते. मंडळाच्या सभेपुढे ते ठेवले गेले तेव्हा शुभ्र वस्त्राचा आग्रह धरणाऱ्या सभासदांनी ते बराच वेळ हातात धरले आणि एवढेच म्हटले, की बाई आता रागावतील असे वाटते. सभागृहात कोठे लावावे यावर थोडी चर्चा झाली, कारण ओळ काळानुक्रमे लावलेली होती आणि माझ्या जागी खिडकी येत होती. अखेरीस इनामदारांची तसबीर वीतभर सरकवून ओळीत जागा करण्यात आली.

चौकट करणाराकडे देण्यापूर्वी मी ते छायाचित्र एक रात्र घरी ठेवून घेतले. मागच्या पुठ्ठ्यावर टाकाने लिहिले: "लुगडे इरकली, नऊवारी. अंग शेवाळी, काठ तांबडा, पदर तांबडा, त्यावर पांढरी नक्षी. पोलके काळे, सुती. वस्त्र नेसणारीने स्वतःच्या पगारातून घेतलेले." खाली सही केली, तारीख घातली, शाई वाळू दिली, आणि सकाळी शाळेचा शिपाई आला त्याच्या स्वाधीन केले.